साधा एमआरआय आणि फंक्शनल एमआरआय: नैराश्याबद्दल कोणता काय सांगतो

मशीन एकच असतं. तोच बोगदा, तोच ठकठकाट, डोक्याभोवती तोच पिंजऱ्यासारखा कॉइल. त्यामुळे ‘नैराश्यासाठी मेंदूचा एमआरआय’ असं कानावर पडलं की दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. एक म्हणजे डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात तो मेंदूचा साधा एमआरआय. दुसरा म्हणजे संशोधनातला फंक्शनल एमआरआय, ज्याची लाल-पिवळ्या डागांची चित्रं बातम्यांत झळकतात. पहिला मेंदूची रचना दाखवतो, दुसरा मेंदूतल्या रक्तातल्या ऑक्सिजनचे चढउतार. या व्यक्तीला नैराश्य आहे की नाही, हे मात्र आज दोन्हींपैकी एकही सांगत नाही.

साध्या एमआरआयचं आधी उरकून घेऊ, कारण त्याचं काम सरळ आहे. वीस ते तीस मिनिटांत टी१, टी२, फ्लेअर आणि डिफ्यूजन अशा, ऊतींमधले वेगवेगळे फरक दाखवणाऱ्या प्रतिमा घेतल्या जातात, बहुतेक वेळा चार-पाच मिलिमीटर जाडीच्या कापांत. मानसोपचारतज्ज्ञ हा स्कॅन नैराश्य शोधायला सांगत नाहीत. नैराश्यासारखं दिसणारं दुसरं काही नाही ना, याची खात्री करायला सांगतात. साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच नैराश्य आलं, सोबत फिट आली, एका बाजूचा हात-पाय कमजोर झाला, नव्यानेच डोकं दुखू लागलं किंवा माणसाचा स्वभावच पालटला, तर स्कॅन करायला हवा. कपाळामागच्या भागात हळूहळू वाढणारी मेनिन्जिओमाची गाठ कित्येकदा निव्वळ निरुत्साहासारखी भासते. थायरॉइड किंवा बी१२ची कमतरता मात्र स्कॅनमध्ये दिसत नाही, त्यासाठी रक्त तपासावं लागतं.

वयस्कर रुग्णांच्या रिपोर्टमध्ये फ्लेअर प्रतिमेवरच्या पांढऱ्या ठिपक्यांचा उल्लेख हमखास असतो. हे ठिपके बारीक रक्तवाहिन्यांच्या झिजेमुळे येतात आणि फाझेकास मापनावर ० ते ३ असे मोजले जातात. उतारवयातल्या काही नैराश्यामागे ही झीज असावी, अशी ‘व्हॅस्क्युलर डिप्रेशन’ची मांडणी १९९७ पासून चर्चेत आहे. पण असेच ठिपके नैराश्य नसलेल्या असंख्य ज्येष्ठांच्या मेंदूतही असतात. म्हणून त्यांच्यावरून निदान करता येत नाही. फार तर रक्तदाब आणि साखर नीट सांभाळायला हवी, एवढं कळतं. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून त्रास खोटा ठरत नाही. नैराश्य असलेल्या बहुतेकांचा रिपोर्ट नॉर्मलच येतो.

आता फंक्शनल एमआरआय. याचा पाया १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी दाखवलेला परिणाम. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित गडबड करतं, ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन करत नाही. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त येतं आणि सिग्नल वाढतो. ही वाढ साधारण पाच-सहा सेकंदांनी शिखरावर पोहोचते, आणि तीन टेस्ला इतक्या ताकदवान चुंबकाच्या मशीनवरही ती एक-दोन टक्क्यांच्या घरातली असते. म्हणजे आपण चेतापेशींचं काम थेट पाहत नाही, त्यामागून येणारं रक्त पाहतो. कॉफी, श्वासाची गती, रक्तदाबाची औषधं या सगळ्यांचा त्या रक्तावर परिणाम होतो. म्हणून चांगल्या अभ्यासात या गोष्टींची नोंद ठेवतात.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहा. नैराश्याच्या अभ्यासांत फार वापरलेली एक चाचणी चेहऱ्यांची. पडद्यावर वर एक घाबरलेला किंवा रागावलेला चेहरा, खाली दोन. वरच्याशी भावना जुळणारा चेहरा बटण दाबून निवडायचा. सुमारे अर्धा मिनिट चेहरे, मग तेवढाच वेळ साधे आकार, असं आलटून पालटून. दर दोन सेकंदांनी, किंवा नव्या पद्धतीत सेकंदाच्या आत, अख्ख्या मेंदूची एक खडबडीत प्रतिमा घेतली जाते. ती दोन-तीन मिलिमीटरच्या घनांची असते, त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. यानंतर संगणकावरचं काम: डोकं हललं असेल तर प्रतिमा एकमेकींवर बसवणं, त्याच व्यक्तीच्या एक मिलिमीटरच्या टी१ प्रतिमेशी त्या जुळवणं, सगळ्यांचे मेंदू एका प्रमाण साच्यात आणणं, सहा-आठ मिलिमीटरपर्यंत धूसर करणं आणि शेवटी प्रत्येक व्हॉक्सेलसाठी ‘चेहरे वजा आकार’ हा हिशेब. म्हणजे फंक्शनल अभ्यासातही साधी रचनात्मक प्रतिमा लागतेच, त्यामुळे घोळ आणखी वाढतो.

बातमीतला लाल-पिवळा डाग या हिशेबातून येतो. तो मेंदूचा फोटो नव्हे. करड्या रंगाची पार्श्वभूमी टी१ची असते, आणि वरचा रंग म्हणजे दोन स्थितींमधला किंवा दोन गटांमधला फरक योगायोगाने येण्याची शक्यता किती कमी आहे, याचं संख्याशास्त्रीय माप. रंग कुठून सुरू करायचा ही सीमा संशोधक ठरवतो. सीमा खाली आणली की डाग पसरतो, वर नेली की नाहीसा होतो. एक लाख व्हॉक्सेल तपासले आणि प्रत्येकासाठी हजारात एक चूक चालवून घेतली, तर काहीही नसताना शंभरेक व्हॉक्सेल रंगतील. इतक्या चाचण्या एकदम केल्याबद्दलची संख्याशास्त्रीय दुरुस्ती टाळली की काय होतं, हे दाखवायला २००९ मध्ये एका मेलेल्या सॅमन माशाला स्कॅनरमध्ये ठेवून माणसांची छायाचित्रं ‘दाखवली’ होती. त्याच्या मेंदूतही ‘हालचाल’ सापडली. विनोद असला तरी मुद्दा पक्का आहे. २०१६ मध्ये तर दुरुस्ती करूनही, डागांच्या आकारावर आधारलेल्या काही प्रचलित पद्धतींत चुकीचे निष्कर्ष पाच टक्क्यांऐवजी सत्तर टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात असं दिसलं.

नैराश्याच्या बाबतीत आणखी एक पंचाईत आहे, आणि ती थेट शरीररचनेची. ज्या भागांवर सगळ्यांचं लक्ष असतं, ते नेमके फंक्शनल एमआरआयला नीट न दिसणारे आहेत. कपाळाच्या तळाचा भाग आणि मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोझमच्या पुढच्या टोकाखालचा सबजेन्युअल सिंग्युलेट हे सायनसमधल्या हवेच्या अगदी जवळ असतात. हवा आणि ऊती यांच्या सीमेवर चुंबकीय क्षेत्र वाकडंतिकडं होतं, आणि तिथला सिग्नल गळतो किंवा सरकतो. साध्या टी१वर हा भाग ठीक दिसतो, फंक्शनलवर तिथे काळं भोक पडू शकतं. सबजेन्युअल भागाचं महत्त्व प्रामुख्याने पेट स्कॅनमधून (किरणोत्सारी द्रव्य टोचून केलेल्या स्कॅनमधून) पुढे आलं, ज्याला हवेचा हा त्रास नसतो. हेलन मेबर्ग यांच्या गटाने २००५ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या सहा रुग्णांच्या याच भागात इलेक्ट्रोड बसवले आणि सहा महिन्यांनी चौघांत लक्षणीय सुधारणा दिसली. भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या अमिग्डलाचीही गत फारशी बरी नाही, कारण तिच्या शेजारून मोठी शीर जाते आणि त्या शिरेचा सिग्नल मिसळतो.

काही काम न देता नुसतं पडून राहण्याच्या स्कॅनमध्ये दोन वेगळे शत्रू असतात. पहिला, हालचाल. अर्ध्या मिलिमीटरची हालचालही जवळच्या भागांमधला संबंध, म्हणजे त्यांचे सिग्नल किती एकत्र वर-खाली होतात ते, खोटाच वाढवते आणि दूरच्या भागांमधला घटवते. रुग्णांचा गट निरोगी गटापेक्षा थोडा जास्त हलला की आजाराचा म्हणून हालचालीचाच फरक छापला जाऊ शकतो. दुसरा, झोप. २०१४ मधल्या एका विश्लेषणात तीन मिनिटांतच जवळपास एक तृतीयांश लोकांची जागृती ढळल्याचं दिसलं. नैराश्यात झोपेची घडी विसकटलेली असतेच, त्यामुळे हा घोटाळा इथे जास्त महाग पडतो.

दोन्ही प्रकारांतून नैराश्याबद्दल काय हाती लागलं, ते आकड्यांत पाहिलं तर कुणाचीही अपेक्षा जागेवर येईल. रचनेच्या बाजूने एनिग्मा या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाने २०१६ मध्ये १,७२८ रुग्ण आणि ७,१९९ निरोगी व्यक्तींची तुलना प्रसिद्ध केली. रुग्णांचा हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी संबंधित भाग) सरासरीने १.२४ टक्के लहान निघाला, आणि तोही मुख्यतः वारंवार नैराश्य येणाऱ्यांत किंवा लहान वयात सुरू झालेल्यांत. एवढ्या फरकाचा व्यवहारात अर्थ असा: एक रुग्ण आणि एक निरोगी माणूस यदृच्छेने उचलले, तर शंभरातल्या सुमारे ५४ वेळाच रुग्णाचा हिप्पोकॅम्पस लहान असेल. नाणं उडवल्यासारखंच. शोध खरा आहे, पण तो गटाबद्दल आहे.

फंक्शनल बाजू याहून डळमळीत आहे. २०१७ मध्ये ९९ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा ते सगळे मेंदूतल्या कोणत्याही एका जागेकडे ठोस बोट दाखवत नव्हते. त्याच वर्षी नैराश्याचे चार ‘बायोटाइप’, म्हणजे स्कॅनवरून पाडलेले उपप्रकार, जाहीर झाले, आणि २०१९ मध्ये दुसऱ्या नमुन्यात ते टिकले नाहीत. डिफॉल्ट मोड नेटवर्कमधले (माणूस निवांत असताना एकत्र चालणाऱ्या भागांच्या जाळ्यातले) संबंध नैराश्यात वाढलेले असतात, असं वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. चीनमधल्या २५ गटांनी १,३०० रुग्णांची माहिती एकत्र केली, तर वारंवार नैराश्य येणाऱ्यांत ते उलट घटलेले निघाले, आणि ही घट औषधांशी जोडलेली होती. चेहऱ्यांसारख्या चाचण्यांत तीच व्यक्ती दुसऱ्यांदा मोजली तर आकडा फारसा जुळत नाही. २०२०च्या आढाव्यात ही विश्वासार्हता १ पैकी ०.४च्या आसपास निघाली. शिवाय फंक्शनल सिग्नलला स्वतःचं एककच नसतं. घनमिलिमीटरसारखं काही नाही, त्यामुळे रक्ताच्या रिपोर्टसारखी ‘नॉर्मल रेंज’ छापताच येत नाही. कुणी एका माणसाचा रंगीत नकाशा दाखवून ‘हे बघा तुमचं नैराश्य’ म्हणत असेल, तर त्याला पैसे देण्याआधी हे आठवावं.

तरी फंक्शनल एमआरआयचा एक उपयोग उपचाराच्या दाराशी पोहोचला आहे. डोक्यावर चुंबकीय कॉइल धरून उत्तेजना देण्याच्या टीएमएस उपचारात डाव्या कपाळामागचा नेमका बिंदू शोधायला स्टॅनफर्डच्या पद्धतीत हा स्कॅन वापरतात. ज्या जागेचा सिग्नल सबजेन्युअल भागाच्या सर्वांत उलट चालतो, ती निवडायची आणि मग पाच दिवस, रोज दहा सत्रं. अमेरिकेत या पद्धतीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. इथेही स्कॅन निदान करत नाही, फक्त पत्ता देतो.

संशोधनासाठी स्वतःचा स्कॅन करून द्यायला निघालेल्यांनी एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी: या प्रतिमा रेडिओलॉजिस्ट पाहणार आहेत का? पुष्कळ प्रकल्पांत पाहत नाहीत. संशोधनाच्या स्कॅनमध्ये बहुतेकदा टी१ आणि फंक्शनल एवढंच घेतात, फ्लेअर किंवा डिफ्यूजन वगळतात, त्यामुळे ‘मागच्या महिन्यात मेंदूचा स्कॅन झालाय’ म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला साधा एमआरआय टाळू नये. अनपेक्षित काही आढळलं तर कोण कळवणार, किती दिवसांत आणि पुढची तपासणी कोणाच्या खर्चाने, हे संमतीपत्रात लिहिलेलं असायला हवं. नसेल तर सही करण्याआधी लिहून मागावं.