झपाटलेली खोली आणि परक्या पलंगावरची पहिली रात्र

अथेन्समधलं एक प्रशस्त घर अगदी कवडीमोलाने भाड्याने मिळत होतं. रात्री साखळदंड खळखळतात, मग दाढी वाढलेला, खंगलेला म्हातारा समोर येतो, असा त्या घराचा लौकिक. अथेनोडोरस नावाच्या तत्त्वज्ञाला भाडं ऐकून शंका आली. त्याने चौकशी केली आणि सगळं कळल्यावर मुद्दाम तेच घर घेतलं. रोमन लेखक धाकटा प्लिनी याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी एका पत्रात ही गोष्ट लिहून ठेवली आहे. पुढे अंगणातल्या सांगाड्यापर्यंत ती नेहमीच्या वाटेने जाते. पण मधली एक बारीक गोष्ट फार मोलाची आहे. पहिल्या रात्री अथेनोडोरस दिवा, पाटी आणि लेखणी घेऊन लिहीत बसला. मन रिकामं राहिलं तर ऐकलेल्या गोष्टींमधून ते आपणच भुतं उभी करील, म्हणून त्याने ते कामाला जुंपलं. प्रयोगाची अट कशी पाळावी, हे त्याला बहुतेकांपेक्षा बरं कळत होतं.

आता भुताचा लौकिक घराची किंमत पाडतोच असं नाही. ब्रिटन-अमेरिकेतल्या कितीतरी जुन्या सराया तो पाटीवर मिरवतात. न्यूयॉर्कमध्ये तर १९९१ साली प्रकरण कोर्टात गेलं. घरमालकिणीने आपल्या घरातल्या भुतांची मासिकातून आणि स्थानिक वृत्तपत्रातून प्रसिद्धी केली होती, पण घर विकताना बाहेरगावच्या ग्राहकाला त्याचा पत्ता लागू दिला नाही. भुतं असल्याचं स्वतःच जगाला सांगितल्यावर आता ती नाकारता येणार नाहीत, असं अपील न्यायालयाने तिला सुनावलं. ‘कायद्याच्या दृष्टीने हे घर झपाटलेलं आहे’ हे वाक्य त्या निकालपत्रात आहे, आणि ग्राहकाला सौद्यातून मोकळं होण्याची वाट मिळाली.

या लौकिकाचा उगम दप्तरात शोधायला गेलं की बहुधा हाती वेगळंच लागतं. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात सेंट फ्रान्सिसव्हिल इथे ‘मर्टल्स’ नावाचं १७९६ सालचं घर आहे. आता तिथे पाहुणे उतरतात. त्यांना क्लोई नावाच्या गुलाम बाईची गोष्ट ऐकायला मिळते: तिने कण्हेरीचं विष घालून केक केला, त्यात मालकीण आणि मुलं दगावली, आणि हिरवा फेटा बांधलेली क्लोई अजून तिथे फिरते. घरात दहा खून झाले, असंही सांगतात. कागदपत्रांत क्लोईचं नाव नाही. ती मालकीण १८२३ साली पिवळ्या तापाने गेली, पाठोपाठ मुलं गेली. नोंद सापडते ती एकाच खुनाची, १८७१ साली व्हरांड्यात गोळी लागून मेलेल्या एका वकिलाची. कॅलिफोर्नियात सॅन होजेचा विंचेस्टर वाडाही असाच. छताला जाऊन थांबणारा जिना आणि भिंतीबाहेर पोकळीत उघडणारं दार ही भुतांना चकवायची युक्ती, असं सांगितलं जातं. १९०६च्या भूकंपात वाड्याचे वरचे मजले कोसळले आणि पडझडीचा बराचसा भाग पुन्हा बांधलाच नाही, हे मात्र सांगताना राहून जातं. जिन्याच्या बुटक्या बुटक्या पायऱ्यांचं कारण आणखी साधं: मालकीणबाईंना संधिवात होता.

कहाणी खोटी निघाली म्हणून अनुभव खोटा ठरत नाही. तिथे झोपलेल्या माणसाला पावलं खरोखर ऐकू आलेली असतात, पलंगाच्या काठावर कुणीतरी बसल्यासारखं खरोखर वाटलेलं असतं. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ म्हणून विषय झटकून टाकणाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइझमन आणि सहकाऱ्यांचं २००३ सालचं संशोधन जरूर पाहावं. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात एक दालन आहे. आठव्या हेन्रीची पाचवी राणी कॅथरीन हॉवर्ड तिथून किंचाळत धावते, अशी आख्यायिका. १५४२ साली तिचा शिरच्छेद झाला होता. वाइझमन यांनी सामान्य लोकांना या राजवाड्यात आणि एडिंबरोच्या साउथ ब्रिजखालच्या तळघरांत फिरवलं आणि काही विचित्र जाणवलं तर ते कुठे, हे टिपून घेतलं. जिथे भूत असल्याची ख्याती होती, तिथेच जास्त लोकांना काहीतरी जाणवलं. त्या ख्यातीची माहिती आधी असण्या-नसण्याने यात फरक पडला नाही. म्हणजे नुसती ऐकीव भीती नव्हे, त्या जागांमध्येच काहीतरी होतं. ते कशाशी जुळलं? उजेड किती, जागा केवढी, चुंबकीय क्षेत्रात चढउतार किती, अशा अगदी साध्या मोजमापांशी.

इथून पुढे वृत्तपत्रांना आवडणारे खुलासे सुरू होतात, आणि माझ्या मते तेच सगळ्यात कच्चे आहेत. पहिला मान इन्फ्रासाउंडचा, म्हणजे कानाला ऐकू न येण्याइतक्या मंद कंपनांच्या आवाजाचा. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीचे अभियंते विक टँडी एका प्रयोगशाळेत काम करत असताना त्यांना अकारण धास्ती वाटू लागली. डोळ्याच्या कोपऱ्यात राखाडी आकृती दिसली, वळून पाहिलं तर कोणी नाही. दुसऱ्या दिवशी शिकंज्यात पकडलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना दिसलं आणि त्यांनी छडा लावला: नव्या बसवलेल्या पंख्यामुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झची ध्वनिलहर उभी राहिली होती. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झच्या खालचं ऐकत नाही. पंख्याची बसवणी बदलली आणि भूत गेलं. १९९८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे त्याच शहरातल्या चौदाव्या शतकातल्या एका ‘झपाटलेल्या’ तळघरातही त्यांना तेवढीच लहर सापडली.

गोष्ट फक्कड आहे. पण लंडनमध्ये क्रिस्टोफर फ्रेंच यांच्या गटाने ती पारखून पाहण्यासाठी एक खोलीच बांधली. ७९ जणांना तिथे एकेकटं ५० मिनिटं फिरायला सोडलं. कुणाच्या वेळी इन्फ्रासाउंड चालू, कुणाच्या वेळी विद्युतचुंबकीय क्षेत्र, कुणाच्या वेळी दोन्ही, कुणाच्या वेळी काहीच नाही. लोकांना चक्कर आली, अंग तरंगल्यासारखं झालं, कुणीतरी जवळ असल्याचं भासलं. फक्त या अनुभवांचा यंत्र चालू असण्याशी काही मेळ बसला नाही. इथे काहीतरी विचित्र वाटू शकेल, हे त्यांना आधी सांगितलेलं होतं. २००९ साली निष्कर्ष मांडताना या गटाने सगळ्यात सरळ खुलासा म्हणून मनाच्या सूचनाक्षमतेकडेच बोट दाखवलं. त्याआधी १९९७ साली अमेरिकेत एका बंद पडलेल्या नाट्यगृहात २२ जणांना हिंडवलं गेलं होतं. काहींना सांगितलं, इथे भुताटकी आहे. बाकीच्यांना सांगितलं, इथे दुरुस्ती चालू आहे. जागा एकच, पण भुताटकी ऐकून आलेल्यांच्या नोंदी कितीतरी अधिक भरल्या. सराईमध्ये रात्रीच्या जेवणानंतर यजमान गोष्ट सांगतो आणि मग पाहुणे जिना चढतात, हा क्रम इथे लक्षात घ्यावा.

जिना चढून पाहुणा परक्या पलंगावर झोपतो. माझ्या दृष्टीने सराईच्या भुताचं खरं ठाणं इथे आहे.

नव्या जागी पहिल्या रात्री नीट झोप लागत नाही, हे झोपेचे संशोधक फार पूर्वीपासून जाणतात. प्रयोगशाळेत झोपायला आलेल्यांच्या पहिल्या रात्रीच्या नोंदी म्हणून अनेकदा बाजूलाच ठेवल्या जात. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मासाको तामाकी आणि युका सासाकी यांनी या टाकाऊ नोंदींकडेच नीट पाहिलं. २०१६ साली त्यांनी दाखवलं, की परक्या जागी पहिल्या रात्री मेंदूचे दोन अर्धगोल सारखे झोपत नाहीत. गाढ झोपेतही डाव्या बाजूचा काही भाग उथळ झोपेत, सावध राहतो. झोपलेल्यांच्या कानात मधूनच वेगळे आवाज सोडले तेव्हा डाव्या बाजूने त्यांना जास्त जोरकस प्रतिसाद दिला, आणि उजव्या कानातल्या आवाजाने माणसं लवकर जागी झाली, कारण त्या कानाची बातमी मुख्यतः डाव्या मेंदूकडे जाते. आठवड्याने तीच माणसं तिथेच पुन्हा झोपली तेव्हा हा फरक उरला नव्हता. मालक वर्षानुवर्षं त्याच इमारतीत बिनघोर झोपतो आणि एका रात्रीचा पाहुणा दचकून उठतो, यात मग नवल काय?

अशी तुटक झोप आणखी एका गोष्टीला वाट करून देते. स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे ज्या अवस्थेत बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात त्या अवस्थेत, मेंदू शरीराचे स्नायू जवळजवळ बंद करून ठेवतो. नाहीतर आपण स्वप्नातली धावपळ अंथरुणातच करू. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून सुटतात. डोळे उघडे, खोली दिसतेय, पण हात हलत नाही, आवाज फुटत नाही, छातीवर ओझं. त्यात स्वप्नाचा उरलेला तुकडा जाग्या दृश्यात मिसळतो आणि दाराशी कुणी उभं राहतं, पलंगाकडे येतं, उरावर बसतं. याला निद्रापक्षाघात म्हणतात. २०११ साली जुन्या अभ्यासांची एकत्र मोजणी झाली, तेव्हा साधारण ७.६ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आल्याचं दिसलं. प्रवासाचा शीण, झोपेच्या बिघडलेल्या वेळा आणि उताणं झोपणं यांनी तो ओढवण्याची शक्यता वाढते. सराईतल्या पाहुण्याला यातलं काय कमी असतं?

नुसत्या ‘कुणीतरी मागे आहे’ या जाणिवेचाही माग लागला आहे. स्वित्झर्लंडमध्ये ओलाफ ब्लांके यांच्या गटाने २०१४ साली माणसांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना पुढे एक दांडा ढकलायला लावला. ती हालचाल टिपून पाठीमागचा यंत्रमानव त्याच लयीत त्यांच्या पाठीला टोचे. दोन्ही एकाच वेळी घडलं तर आपणच आपल्या पाठीला हात लावल्यासारखं वाटे. मध्ये अर्ध्या सेकंदाचा उशीर घातला, की काहींना मागे कुणीतरी उभं असल्याचं स्पष्ट जाणवू लागलं. दोघांनी तर प्रयोग थांबवायला सांगितलं. आपल्याच शरीराची बातमी मेंदूत जुळली नाही, की तो तिला दुसरा मालक शोधून देतो.

आता इमारतीकडे वळू. ओकच्या तुळयांवर उभ्या असलेल्या इंग्लंडमधल्या जुन्या सरायांत ‘डेथवॉच’ नावाचा भुंगा राहतो. लांबी जेमतेम सात मिलिमीटर, रंग तपकिरी. त्याची अळी वर्षानुवर्षं आतून लाकूड पोखरते. वसंतात भुंगा बाहेर येतो आणि जोडीदाराला बोलावण्यासाठी डोकं लाकडावर आपटतो. टकटक, टकटक, मग थोडी शांतता. जवळपास मादी असली तर पलीकडून तशाच टकटकीने उत्तर येतं. दिवसाच्या गोंगाटात हे ऐकू जात नाही. ऐकू जायचं ते मरणासन्न माणसाच्या उशाशी रात्र रात्र जागणाऱ्यांना, आणि म्हणून तो आवाज मृत्यूची वर्दी ठरला. सराईच्या पाहुण्याला तो भिंतीच्या आतून येतो, आणि त्याला उत्तरही मिळतं! शिवाय दिवसा तापलेलं लाकूड रात्री आकसतं तेव्हा फळ्या एकामागून एक करकरतात आणि ऐकणाऱ्याला ती पावलं वाटतात. धुराड्यातून उबदार हवा वर निघून जाते, तिची जागा भरायला दाराखिडक्यांच्या फटींतून गार हवा आत ओढली जाते. खोलीतल्या एकाच जागी अंगावर काटा का येतो, ते उदबत्तीच्या धुराची रेघ पाहूनही कळतं.

आरसा मात्र खरोखर चमत्कारिक. इटलीचे जोव्हानी कापुतो यांनी ५० जणांना मंद उजेडात दहा मिनिटं आरशात पाहायला सांगितलं. दोन तृतीयांश लोकांना आपला चेहरा भयंकर विद्रूप होताना दिसला, २८ टक्क्यांना अनोळखी माणूस दिसला आणि जवळजवळ निम्म्यांना काहीतरी राक्षसी. एकटक पाहिलं की नजरेच्या कडेचे तपशील विरतात आणि मेंदू ती पोकळी आपल्या मर्जीने भरतो. यासाठी जुन्या सराईची गरज नाही, पण मिणमिणता दिवा लागतो.

हे सगळं निरुपद्रवी. पुढचं प्रकरण तसं नाही. विल्यम विल्मर या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने १९२१ साली नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात एका कुटुंबाची हकीकत छापली. नाव झाकून ठेवलेलं हे कुटुंब १९१२च्या नोव्हेंबरात एका जुन्या, मोठ्या घरात राहायला आलं. काही दिवसांतच सगळ्यांची डोकी दुखू लागली, मुलं फिकट पडली, कुंडीतली झाडं वाळली. मग रिकाम्या मजल्यावर पावलं वाजू लागली, घंटा ऐकू आल्या, रात्री उशाशी माणसं उभी दिसू लागली. नवऱ्याला वाटे, कुणीतरी सतत आपल्या मागे चालतंय. घरात विषारी वायू पसरल्याने अशी लक्षणं दिसल्याचं एका नातेवाइकाने वाचलेलं होतं. तपासणी झाली आणि तळघरातली घर उबदार ठेवणारी भट्टी सदोष निघाली. तिचा धूर धुराड्यातून जाण्याऐवजी खोल्यांमध्ये शिरत होता. भट्टी दुरुस्त झाली, भुतं संपली.

त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड होता. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बिलगतो. मेंदूचा प्राणवायू असा गुपचूप तुटला की डोकेदुखी, मळमळ, गोंधळ, भास आणि शेवटी मृत्यू. प्रत्येक झपाटलेल्या घरात हेच घडलं असं कुणी म्हणत नाही. पण जिथे भुताबरोबर डोकेदुखी आहे आणि बाहेर पडल्यावर ती थांबते, तिथे आधी शेगडी, भट्टी आणि धुराडं पाहायला हवं.

हौशी भूतशोधकांच्या सामानात चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र असतं. ते भिंतीतल्या तारा आणि खिशातल्या मोबाइललाही दिवे लावून दाद देतं. फ्लॅशच्या फोटोत दिसणारे तेजोगोल म्हणजे भिंगाजवळ उडणारी, उजळलेली धूळ. या सामानात भर घालायचीच असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा गजर घालावा. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात गॅस बॉयलर किंवा शेकोटी असलेल्या राहत्या खोलीत तो बसवणं घरमालकावर बंधनकारक आहे. स्वयंपाकाच्या शेगडीला तेवढी त्यातून सूट आहे.