गरम पाणी लांब नेलं की वाटेतच निवतं?

‘थंड देशांत एका केंद्रात पाणी तापवून पाइपने शहरभर पुरवतात ही थाप आहे, दोन किलोमीटरवर ते थंडगार होणार,’ असा मजकूर बरीच वर्षं फिरतो. सोलापुरात गच्चीवरच्या सोलरचं पाणी सकाळी तळमजल्यावर आधी थंडच येतं, म्हणून हे पटणं साहजिक आहे.

पण ते थंड पाणी वाहताना निवलेलं नसतं, रात्रभर पाइपात साचलेलं असतं. अर्ध्या इंची पाइपात मीटरला साधारण १२५ मिली पाणी मावतं, म्हणजे २० मीटरला अडीच लिटर. मापाच्या बादलीत धरून पाहा: तेवढं गेलं, पाइप तापला, की गरम पाणी सुरू. मग थर्मामीटर धरा, आधी बारीक धारेला, नंतर नळ पूर्ण सोडून. बारीक धार जास्त निवलेली दिसेल. खरा मुद्दा इथेच आहे: उष्णता पाइपाच्या भिंतीतून जाते, त्यामुळे पाणी जितकं जास्त आणि वेगात, तितकी लिटरमागची घट कमी.

शहरी वाहिनीत पोलादी पाइपाभोवती उष्णता अडवणारा फोम आणि वर प्लास्टिकचं कवच असतं. ३०० मिमीच्या पाइपातून सेकंदाला ७० लिटर पाणी जातं असं धरा. मीटरला ४० वॅट उष्णता गेली, तरी किलोमीटरला घट सुमारे ०.१४ अंश! आइसलंडमध्ये २७ किलोमीटरवरून रेक्याविकला येणारं पाणी जेमतेम दोन अंश निवतं.

नुकसान होतं ते फोममध्ये पाणी शिरल्यावर, आणि उन्हाळ्यात मागणी घटून बारीक फाट्यांतला प्रवाह मंदावल्यावर. बहुतेक शहरांत हे पाणी नळाला येतच नाही. घरातल्या उष्णता-विनिमयकात (पाणी न मिसळता फक्त उष्णता पुढे देणारं उपकरण) उष्णता देऊन ते दुसऱ्या पाइपाने केंद्रात परततं.