संरचित पीअर-टू-पीअर नेटवर्कमधील प्रसारण

मध्यवर्ती सर्व्हर नसताना एका नोडचा (जोडलेल्या संगणकाचा) संदेश नेटवर्कमधल्या प्रत्येक नोडपर्यंत, शक्यतो एकदाच, पोहोचवण्याची पद्धत. ग्नुटेलासारख्या असंरचित नेटवर्कमध्ये नोड आलेला संदेश सगळ्या शेजाऱ्यांना पाठवतो. त्यामुळे एकच संदेश अनेक वाटांनी पुन्हा पुन्हा येऊन थडकतो. कॉर्ड (२००१) किंवा कॅडेम्लिया (२००२) यांसारख्या संरचित नेटवर्कमध्ये हा अपव्यय टाळता येतो, कारण कोणाचे शेजारी कोण हे ओळखक्रमांकांवरून ठरलेले असते.

समेह एल-अन्सारी, सैफ हरिदी व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये कॉर्डसाठी मांडलेली युक्ती फार साधी आहे: संदेशासोबत एक मर्यादा पाठवायची. ० ते १५ क्रमांकांचे १६ नोड वर्तुळात आहेत असे समजू. नोड ० च्या फिंगर तक्त्यात, म्हणजे तो थेट संपर्क ठेवतो त्या नोडच्या यादीत, १, २, ४ आणि ८ आहेत. तो ८ ला सांगतो, ‘१५ पर्यंतचे तुझे’. ४ ला ७ पर्यंतचा, २ ला ३ पर्यंतचा पट्टा देतो आणि १ ला फक्त संदेश. मग ८ आपला पट्टा १२, १० आणि ९ मध्ये वाटतो. पट्टे एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून १५ संदेशांत काम संपते; प्रत्येकाने चारही फिंगरना आंधळेपणाने पाठवले असते तर ६४ लागले असते. सर्वांत लांबची वाट ०, ८, १२, १४, १५ अशी चारच टप्प्यांची. नोड दहा लाख झाले तरी टप्पे साधारण २० च राहतात. संदेश कोणी कोणाला द्यायचा हे ठरवणारा वेगळा वृक्ष बांधून सांभाळावा लागत नाही, हे या पद्धतीचे खरे बळ. हा वृक्ष राउटिंगच्या (वाट ठरवण्याच्या) तक्त्यांतच दडलेला असतो आणि पाठवणारा बदलला की आपोआप बदलतो.

याची किंमतही मोठी आहे. वरच्या उदाहरणात ८ बंद पडला आणि ० ला ते कळले नाही, तर ८ ते १५ हा अर्धा भाग कोरडा राहतो. नोड सतत येत-जात असलेल्या नेटवर्कमध्ये हे रोजचेच. म्हणून पोच मागवून, ती न आल्यास त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या नोडला संदेश देतात. ब्लॉकचेनसाठी २०१९ मध्ये मांडलेली कॅडकास्ट ही कॅडेम्लियावर आधारित पद्धत अंतरानुसार पाडलेल्या प्रत्येक गटातल्या एकाऐवजी अनेक नोडना संदेश देते. त्यात प्रती वाढतात, म्हणून आधी आलेला संदेश ओळखून थांबवावा लागतो. पण थोडी पुनरुक्ती पत्करून अर्धे नेटवर्क वाचत असेल, तर तो सौदा रास्तच म्हणावा लागेल.