कुत्रा बोर्डिंगला ठेवताय? आधी हे वाचून घ्या

नमस्कार मंडळी,

आम्ही कुत्र्यांचं बोर्डिंग चालवतो, म्हणजे तुम्ही गावाला गेलात की कुत्रा आमच्याकडे राहतो. बुकिंगचा फोन आला की बहुतेकांचे प्रश्न ठरलेले असतात, एसी आहे का, चिकन देता का, रोज व्हिडिओ पाठवाल ना. विचारा, बिनधास्त विचारा, त्यात गैर काही नाही. पण रात्री दोन वाजता तिथे माणूस कोण असतो हे फारसं कुणी विचारत नाही आणि आमच्या मते बोर्डिंग निवडताना पहिला प्रश्न तोच पाहिजे, आमच्याकडे ठेवा नाहीतर दुसरीकडे ठेवा. म्हणून हे पत्रक छापलंय. थोडं लांबलंय, चहा घेऊन बसा.

रात्री कोण असतं?

अमेरिकेत टेक्सासमध्ये जॉर्जटाउन म्हणून शहर आहे, तिथल्या एका पेट बोर्डिंगला १८ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आग लागली आणि आत होती ती ७५ च्या ७५ कुत्री गेली. फायर ब्रिगेड कॉल आल्यावर काही मिनिटांत पोचली होती तरी उपयोग झाला नाही, कारण कुत्री आगीने नाही, धुराने गेली असं तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. जागेवर रात्री माणूस नव्हता. स्प्रिंकलर (आग लागली की छतातून आपोआप पाणी मारणारे फवारे) नव्हते, आणि तिथल्या नियमात ते बसवायची सक्तीही नव्हती, म्हणजे कागदोपत्री सगळं ओके होतं.

त्याच्या आधीची गोष्ट इंग्लंडची. मँचेस्टरच्या डॉग्ज होमला, म्हणजे बेवारस कुत्र्यांच्या आश्रमाला, ११ सप्टेंबर २०१४ ला संध्याकाळी आग लागली, कुणीतरी मुद्दाम लावल्याचा पोलिसांना संशय होता. तिथे साठेक कुत्री गेली, पण दीडशेच्या आसपास वाचली, कारण फायर ब्रिगेडच्या जोडीला आजूबाजूची माणसं आत घुसली आणि दारं उघडून जमतील तेवढी कुत्री बाहेर काढली. दोन्हीकडे आग ती आगच, फरक हा की एकीकडे दार उघडायला हात होते.

आमच्याकडे केनेलच्या (कुत्रे ठेवायच्या छोट्या खोल्यांच्या) लाईनला लागून खोली आहे, तिथे रात्रीचा माणूस झोपतो, मधे फक्त जाळीचं दार. कुत्री रात्री उगाच भुंकत नाहीत हो, वेगळा आवाज काढला की तो उठतोच. त्याचा पगार तुमच्या बिलात आहे, रेट आजूबाजूच्यांपेक्षा थोडा जास्त का असं विचारता ना, तर हे त्याचं उत्तर. सीसीटीव्ही आहेच पण कॅमेरा कडी काढत नाही.

धूर आधी मारतो, आग नंतर

हे नीट समजून घ्या कारण घरीही उपयोगाचं आहे. आग लागली की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, त्यामुळे छाती वरखाली होत असते पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. त्यात फोमची गादी, सोफा, प्लॅस्टिकचे क्रेट पेटले तर हायड्रोजन सायनाईड हा विषारी वायूसुद्धा निघतो. माणूस दार शोधतो, कुत्रा कोपरा शोधतो. पलंगाखाली, क्रेटच्या मागे, बाथरूममध्ये जाऊन बसतो आणि हाक मारली तरी येत नाही, आणि बाहेर काढलेला कुत्रा सुटला तर परत आत पळतो, कारण त्याच्या डोक्यात आत म्हणजे सेफ.

म्हणून आम्ही जाड फोमचे बेड आत घेत नाही. खूप जण नाराज होतात, म्हणतात, अहो त्याला त्याच्याशिवाय झोप नाही लागत. मान्य, पण त्याऐवजी तुमच्या घरची वापरलेली सुती चादर किंवा गोधडी द्या, कापूसही पेटतो पण फोमसारखा काळा विषारी धूर होत नाही आणि तुमचा वास असतो त्यामुळे कुत्रा लवकर रुळतो. धुऊन आणू नका. खरंच.

पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धूर जास्त बाधतो, उन्हाळाही जास्त बाधतो, म्हणून त्यांना आम्ही बाहेरच्या दाराजवळच्या केनेल देतो. "आतली शांत रूम द्या" म्हणालात तरी नाही देणार.

कडी, पट्टा आणि पाटी

आमच्या एकाही केनेलला कुलूप नाही. सरकती कडी आहे, बाहेरून, अंधारात एका हाताने उघडेल अशी. हस्की आणि बीगल मंडळी कडी नाकाने किंवा पंजाने सरकवायला लवकर शिकतात, त्यांच्या दाराला वर एक स्प्रिंगवाला हूक लावतो, तोही अंगठ्याने दाबला की निघतो. तुम्ही कुठलंही बोर्डिंग बघायला जाल तेव्हा मालकाशी बोलत बसू नका, सरळ एक केनेल स्वतः उघडून बघा. दोन हात लागले, किल्ली शोधावी लागली, दार आतल्या बाजूला उघडत होतं आणि कुत्रा त्याला टेकून झोपलेला असताना ढकलावं लागलं, तर तिथून निघा.

प्रत्येक दारावर एक स्लिप लीड टांगलेली असते, गळ्यात घातली आणि ओढली की बसते, हुक शोधायची भानगड नाही. घाबरलेल्या कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला हात घालायला गेलं की चावतो, आपला असला तरी चावतो, त्यात त्याची चूक नाही. (चावलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे, कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी.)

गेटच्या बाहेर एक पाटी आहे. आज कोणत्या केनेलमध्ये कोण, चावरा आहे का, कुणाला औषध चालू आहे. रोज संध्याकाळी खाणं झालं की ती लिहितो आणि तिचा फोटो स्टाफच्या ग्रुपवर टाकतो. कारण गडबडीत आठवणीवर मोजणी होत नाही, आणि बाहेर किती यायला हवेत हेच माहीत नसेल तर कोण आत राहिलंय ते कसं कळणार.

बाहेर काढायचा क्रम ठरलेला आहे: आगीच्या सगळ्यात जवळ असलेला पहिला, मग पुढचा. महागड्या ब्रीडचा आधी असलं काही नाही, आमच्याकडचे देशीही त्याच रांगेत. सगळे कुंपणाच्या खेळायच्या मैदानात, वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूच्या भागात.

आमच्या भागातली आग

आम्ही मुळशीच्या बाजूला आहोत, म्हणजे शहरासारखं नाही, इथे फेब्रुवारी ते मे डोंगरावर वणवा लागतो आणि पावसाच्या आधी शेतकरी राब भाजतात (शेतात पालापाचोळा पसरून जाळतात). राब भाजू नका असं आम्ही कोण सांगणार, भाताची रोपं त्यावरच होतात, पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. आम्ही एवढंच करतो की शेजारच्या शेतकऱ्यांना विनंती करून ठेवलीय, पेटवायच्या आधी एक फोन करा, आणि कुंपणाबाहेर सगळीकडून गवत काढून जाळपट्टा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा पट्टा) मारून घेतो, दरवर्षी होळीच्या आधी. वाऱ्याने धूर आमच्याकडे वळला की त्या दिवशी फिरवणं बंद, कुत्री आत.

बंब इथे यायला वेळ लागतो, रस्ता तुम्ही बघितलाच आहे. १०१ किंवा ११२ ला फोन पहिला करायचा हे खरंच, पण पहिली दहा मिनिटं आपलीच असतात. म्हणून वरच्या टाकीतलं पाणी एका पातळीच्या खाली आम्ही जाऊ देत नाही, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागला तरी मागवतो, आणि पाईप दोन्ही टोकांपर्यंत पोचतो. लाईट गेली की मोटर बंद, म्हणून टाकी उंचावर. एक्स्टिंग्विशर (आग विझवायचे सिलिंडर) एबीसी पावडरचे आहेत, त्यांच्या दाबाचा काटा हिरव्यात आहे का ते येता जाता बघतो, तुम्हीही बघा, कुणाच्याही दुकानात बघा, निम्म्या ठिकाणी काटा लाल भागात सापडेल आणि वर धूळ.

छपरावर हिरवं शेडनेट नाही लावत. उन्हाळ्यात सावलीला चांगलं असतं हे माहितीय, पण ते प्लॅस्टिक आहे, एक रॉकेट येऊन पडलं की पेटून थेंब थेंब खाली गळतं. पत्रा आणि त्यावर पांढरा रंग, बास. कुत्र्यांचा भात शिजतो तो गॅस वेगळ्या शेडमध्ये, केनेलच्या भिंतीला लागून नाही. वायरिंग पाईपमधून, उंदीर आणि पिल्लं दोघांनाही वायर आवडते. एमसीबीसोबत (लोड वाढला की पडणारा स्विच) आरसीसीबीही लावलाय, ओल्या फरशीवर करंट उतरला तर तो लगेच लाईन बंद करतो.

दिवाळीत बुकिंग लवकर फुल होतं आणि बरेच जण फटाक्यांच्या आवाजामुळेच इकडे ठेवतात. आवाज इथे कमी असतो, अजिबात नसतो असं नाही म्हणणार. पाडव्यापर्यंत रात्री एकाऐवजी दोन माणसं असतात, त्या दिवसांचा रेट वेगळा आहे, आधीच सांगतोय म्हणजे नंतर वाद नको.

घरी असताना

पणत्या जमिनीवर लावता ना, लॅब्राडोरची शेपटी बरोबर त्याच उंचीवर असते. उंच लावा नाहीतर एलईडी वापरा. बाहेर जाताना गॅस रेग्युलेटरपासून बंद करा, ओट्यावरच्या चिकनच्या वासाने कुत्रा दोन पाय वर टाकतो आणि पंजाने बटण फिरतं. पॉवरबँक, इअरबडची डबी, रिमोट त्याच्या तोंडाला लागेल असं ठेवू नका. अमेरिकेत टल्साच्या फायर ब्रिगेडने २०२४ मध्ये एक व्हिडिओ टाकला होता, कुत्रा गादीवर बसून बॅटरी चावतोय, ती फुटते आणि गादी पेटते, सगळं घरच्या कॅमेऱ्यात. कुत्री वाचली कारण दाराला त्यांची ये-जा करायची फट होती.

आग लागलीच तर कुत्र्यासाठी परत आत जाऊ नका. लिहायला सोपं आहे, माहितीय आम्हाला. बाहेर येऊन बंबवाल्यांना सांगा कुत्रा आहे, कोणत्या खोलीत असेल, कुठे लपतो. ही लपायची जागा आत्ताच बघून ठेवा, फटाके वाजले की तो कुठे जातो? तीच.

बाहेर आलेला कुत्रा ठीक दिसला तरी डॉक्टरकडे न्यायचाच. धुराचा त्रास कधीकधी काही तासांनी, दुसऱ्या दिवशीसुद्धा दिसतो. खोकला, तोंडाने जोरात श्वास, डोळे लाल, चालताना तोल जाणं, हिरड्या निळसर किंवा फिकट, नाहीतर एकदम लालभडक. लालभडक म्हणजे तब्येत चांगली असं नाही, कार्बन मोनॉक्साईडमध्येही तसंच होतं. श्वास लागलेल्या कुत्र्याला तोंडाची जाळी बांधू नका. भाजलं असेल तर साधं गार पाणी हळूहळू, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, तूप तर अजिबात नाही.

परत न्यायला कुणी आलंच नाही तर

हा विषय नको वाटतो पण होतं असं. कुत्रा चार दिवसांसाठी ठेवतात आणि मग फोन बंद. किंवा येऊन सांगतात की बदली झाली, बाळ आलंय, सोसायटीवाले त्रास देतात, तुम्हीच बघा ना कुणी चांगलं घर.

सोसायटीचं कारण असेल तर आधी थांबा. पाळीव कुत्र्यावर सोसायटी सरसकट बंदी घालू शकत नाही, अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या गाईडलाईन्समध्ये ते स्पष्ट आहे, त्याची प्रिंट आमच्याकडे आहे, घेऊन जा आणि सेक्रेटरीला दाखवा. रस्त्यावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, पहिल्या वेळेचा दंड १० ते ५० रुपये, होय, बरोबर वाचलंत, एवढ्यात आज धड नाश्तासुद्धा होत नाही, त्यामुळे कायद्याची भीती आम्ही दाखवत नाही, सरळ सांगतो: जमत नसेल तर तोंडावर सांगा. आम्ही ओरडणार नाही. लपवून ठेवलंत तर कुत्र्याचे महिने फुकट जातात आणि वय वाढलेल्याला घर मिळणं अजून अवघड.

नवीन घर शोधताना आम्ही घाई करत नाही. घरी जाऊन बघतो, घरातल्या सगळ्यांशी बोलतो, आजी-आजोबांशीसुद्धा, कारण दिवसभर त्यांच्याच पायात असणार तो. चावण्याचा इतिहास असेल तर खरा सांगतो. नसबंदी आणि रेबीजची लस झाल्याशिवाय देत नाही, ब्रीडिंगसाठी हवाय असा वास आला तर तिथेच नमस्कार. पहिले तीन दिवस तो नीट खाणार नाही, तीन आठवड्यांत घराचं टाइमटेबल कळेल, तीन महिन्यांनी खरा स्वभाव दिसेल, साधारण हिशोब आहे, पण तेवढा वेळ द्यायची तयारी नसेल तर घेऊ नका. मँचेस्टरच्या आगीतून वाचलेली कुत्री जवळच्या चेशायरमधल्या केंद्रात हलवली तेव्हा घ्यायला लोकांची रीघ लागली होती. बातमी गरम असताना कुत्रा घेणारे पुष्कळ, म्हणून आमच्याकडेही व्हायरल व्हिडिओ बघून आलेल्यांना आम्ही एक आठवडा थांबायला सांगतो.

येताना काय आणायचं

लसीकरणाचं पुस्तक (रेबीज, नाईन-इन-वन म्हणजे अनेक आजारांची एकत्र लस, आणि केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची लस येण्याच्या निदान दोन आठवडे आधी झालेली), गोचिडाची गोळी कधी दिली ती तारीख, नेहमीचं खाणं आणि त्याचं प्रमाण, ती न धुतलेली चादर. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला हवाच. शक्य असेल तर मायक्रोचिप करून घ्या, तांदळापेक्षा थोडी मोठी असते, १५ आकडी नंबर, डॉक्टर इंजेक्शनसारखी टोचतात, आणि तो नंबर तुमच्या आत्ताच्या मोबाईलशी रजिस्टर आहे ना ते बघा, नाहीतर चिपचा उपयोग शून्य. गडबडीत बिल्ला तुटून पडतो, चिप पडत नाही.

फॉर्मवर दुसरा इमर्जन्सी नंबर लिहिताना तुमच्याबरोबर ट्रिपला येणाऱ्याचा लिहू नका, विमानात दोघांचेही फोन बंद. पुण्यात असलेल्या, कुत्र्याला ओळखणाऱ्या आणि डॉक्टरच्या खर्चाला हो म्हणू शकणाऱ्या माणसाचा लिहा आणि त्याला तसं सांगूनही ठेवा.

पहिल्यांदा ठेवणार असाल तर आधी एक दिवस दुपारी कुत्र्याला घेऊन चक्कर मारा, चार ते सहा आम्ही मोकळे असतो, केनेल उघडून बघा, काटा बघा, रात्रीच्या माणसाला भेटा. त्यानंतर बुकिंग करायचं की नाही ते तुम्ही ठरवा.