पिवळा रंग नेमका कोणाचा? मायकोरायझा आणि फॉस्फेटेजचं मोजमाप

काळ्या चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) असतो, पण बराचसा कॅल्शियमशी जखडलेला, तर काही सेंद्रिय रेणूंत अडकलेला. पिकाचं मूळ जवळचा विद्राव्य स्फुरद शोषून घेतं आणि स्वतःभोवती मिलीमीटर-दोन मिलीमीटरचा रिकामा पट्टा तयार होतो. मुळांसोबत राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीचे तंतू हा पट्टा ओलांडून कित्येक सेंटीमीटर पुढे जातात. सेंद्रिय स्फुरद मात्र थेट शोषता येत नाही. आधी फॉस्फेटेज या विकरानं (एन्झाइमनं) त्यातला फॉस्फेट तोडावा लागतो.

या विकराचं मोजमाप आजही बहुतेक ठिकाणी तबाताबाई आणि ब्रेम्नर यांच्या १९६९ च्या पद्धतीवर आधारलेलं असतं. २ मिमी चाळणीतून चाळलेली १ ग्रॅम माती, ०.२ मिली टोल्युइन, ४ मिली बफर आणि १ मिली पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट. आम्लधर्मी फॉस्फेटेजसाठी बफरचा सामू (पीएच) ६.५, अल्कधर्मीसाठी ११. मिश्रण ३७ अंश सेल्सिअसला तासभर ठेवायचं, मग ०.५ मोलर कॅल्शियम क्लोराइड १ मिली आणि ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ४ मिली घालून गाळायचं. फॉस्फेट तुटल्यावर उरलेलं नायट्रोफिनॉल अल्कलीत पिवळं दिसतं. कॅल्शियम क्लोराइड विसरलात तर चिकणमाती पसरते, ह्युमस विरघळतो आणि तपकिरी गाळणीत पिवळा रंग वाचताच येत नाही. प्रत्येक नमुन्याला स्वतंत्र नियंत्रण (तुलनेचा नमुना) हवंच: त्यात नायट्रोफिनाइल फॉस्फेट अगदी शेवटी, सोडियम हायड्रॉक्साइडनंतर घालायचं.

खरी पंचाईत पुढे आहे. हा पिवळा रंग मुळाचा, जिवाणूंचा की बुरशीचा, हे आकडा सांगत नाही. आकडा वाढला म्हणून ‘व्हॅम’ (मायकोरायझाचं जैविक खत) लागू पडलं असं म्हणणं घाईचं. रायझोफॅगस इर्रेग्युलॅरिस या मायकोरायझा बुरशीचा जनुकसंच २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा वनस्पतींच्या पेशीभित्तिका कुजवणाऱ्या विकरांची जनुकं त्यात जवळजवळ नव्हतीच, म्हणजे सेंद्रिय पदार्थ स्वतः कुजवण्याची तिची ताकद तोकडी. सेंद्रिय स्फुरद तोडण्याचं बरंचसं काम तिच्या तंतूंवर वाढणारे जिवाणू करतात. मोबदल्यात बुरशी त्यांना साखर पाझरते.

म्हणून मुळांच्या आतही पाहायला हवं. ट्रिपॅन ब्लू या रंगानं जिवंत आणि मेलेले असे सगळेच तंतू निळे होतात. अल्कधर्मी फॉस्फेटेजच्या रंजनात मात्र अल्फा-नॅफ्थिल फॉस्फेट आणि फास्ट ब्लू आरआर वापरतात, सामू ९.२ च्या आसपास ठेवतात, आणि फक्त कार्यरत तंतू गडद होतात. रंग आत शिरावा म्हणून मुळं आधी सेल्युलेज व पेक्टिनेजमध्ये भिजवतात. त्यासाठी मुळं ताजीच लागतात. अल्कोहोल-फॉर्मॅलिनमध्ये बुडवून आणलेल्या किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळलेल्या मुळांत विकर नष्ट झालेलं असतं, आणि कोरी काचपट्टी पाहून ‘बुरशी निष्क्रिय’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

नमुना डीएपी या स्फुरदयुक्त खताच्या मात्रेनंतर लगेच घेऊ नये. विद्राव्य स्फुरद मुबलक झाला की फॉस्फेटेज मंदावतं, आणि पीकही बुरशीला आत फारसं वाढू देत नाही.