लेपर्ड गेकोचं घर स्वतः बांधताना

आमच्या इंग्लंडमधल्या स्लाउच्या वर्कशॉपमधून फळ्या कापून नेणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला हा कागद देतो. जोडणीला हात लावण्याआधी तो वाचावा. पेटी ठोकणं कुणालाही जमतं, गडबड होते ती उष्णतेत. खर्चाला कात्री लावायचीच असेल तर ती नकली खडकांना आणि प्लास्टिकच्या निवडुंगांना लावा, थर्मोस्टॅटला (तापमान ठरल्या आकड्यावर राखणाऱ्या यंत्राला) नको.

लेपर्ड गेको हा पालीच्या जातीचा ठिपकेदार प्राणी, मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ मुलखातला. दिवसा दगडांच्या सांदीत दडायचं आणि दिवेलागणीला बाहेर पडायचं, हा त्याचा दिनक्रम. घरातल्या पालीसारखे चिकट तळवे त्याला नसतात, त्यामुळे काचेवर चढता येत नाही. भारतातून राहायला आलेल्या आजी "पाल कसली पाळता रे?" म्हणून हबकल्या, तर त्यांना सांगा की ही भिंतीवर जातच नाही, पंचांगातलं पल्लीपतनाचं पान उघडायची वेळ येणार नाही. नीट सांभाळला तर तो १५ ते २० वर्षं जगतो. हट्ट शाळकरी पोराचा असेल तर पोरगं युनिव्हर्सिटीला गेल्यावर किडे कोण भरवणार, हेही आत्ताच ठरवा.

पेटी

एका गेकोला ९० × ४५ × ४५ सेंटीमीटर ही जागा आम्ही किमान धरतो. दोन नर एकत्र कधीच ठेवू नका. मादीसुद्धा एकटीच बरी, सोबतीवाचून तिचं काही अडत नाही. माशांची जुनी टाकी अनेकजण आणतात, पण तिचं तोंड वर असतं आणि इथल्या हिवाळ्यात ऊब तिथूनच निघून जाते. समोरून काच सरकवायची लाकडी पेटी म्हणूनच सोयीची.

१५ मिलिमीटर प्लायच्या तळ आणि छताच्या फळ्या ९० × ४५. बाजूच्या दोन फळ्या त्यांच्या मध्ये उभ्या बसतात, म्हणून त्यांची उंची ४२. समोर खाली १० सेंटीमीटरची आडवी पट्टी माती अडवायला आणि वर ६ सेंटीमीटरची, दोन्ही ८७ लांब. काचेचे ट्रॅक याच पट्ट्यांवर बसतात. खोल खाचेचा ट्रॅक वर लावा, म्हणजे काच वर सारून खाली सोडता येते. काच ४ मिलिमीटरची टफन केलेली (तापवून कणखर केलेली), दोन तुकडे, प्रत्येकी ४५ रुंद. मध्ये ३ सेंटीमीटर एकमेकांवर येतात. उंची मात्र ट्रॅक बसवल्यानंतरच मोजून सांगा. टफन काच नंतर कापता येत नाही, आणि अर्धा सेंटीमीटर जास्त भरलेल्या काचा आमच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या आहेत.

आमची स्वतःची पहिली पेटी वर्षभरही टिकली नाही. कापलेल्या कडांना व्हार्निश द्यायचं राहिलं, पाण्याची वाटी सांडत राहिली आणि तळ पापडासारखा फुगला. त्यात वर सांध्यांना बाथरूमचं सिलिकॉन भरलं होतं, बुरशी मारणारं औषध घातलेलं. ते सगळं खरवडून काढावं लागलं. तेव्हा सिलिकॉन मत्स्यालयाचंच घ्या, व्हार्निश पाण्यात मिसळणारं घ्या, आणि वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवा. आठवडा तरी लागतो. हवेच्या दोन जाळ्या हव्यात: एक थंड टोकाला खाली, दुसरी गरम टोकाला वर. दोन्ही वर लावल्या तर खालची हवा हलतच नाही.

ऊन

उष्णता एकाच टोकाला, वर लावलेल्या हॅलोजन दिव्याने द्या. म्हणजे गेकोला हवं तेव्हा उन्हात आणि नको तेव्हा सावलीत जाता येतं. दिव्याखालचा सपाट दगड ३२ ते ३५ अंश सेल्सियस, थंड टोक २४-२५ च्या आसपास. रात्री २० पर्यंत उतरलं तरी चालतं. त्याखाली घर गार पडत असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लागेल. हॅलोजनला डिमिंग, म्हणजे दिवा हळूहळू मंद-प्रखर करणारा थर्मोस्टॅटच हवा, बंद-चालू करणारा त्याला लावू नका. सेन्सर दिव्याखालच्या दगडाजवळ पक्का बांधा, सुटून थंड कोपऱ्यात पडला तर थर्मोस्टॅट दिवा तापवतच राहील. दिव्याला जाळी लावा. वायर सॉकेटच्या खालून वळवून वर न्या, ओघळलेलं पाणी प्लगमध्ये जाणार नाही. एवढ्या कमी वॅटच्या सामानाला प्लगमध्ये ३ अँपिअरचा फ्यूज पुरतो. मंद यूवीबी ट्यूब (उन्हातले अतिनील किरण देणारी) आम्ही सुचवतो. ती किती उंचीवर लावायची हे तिच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, तेच पाळा.

आत काय

लपायला तीन जागा: गरम, थंड आणि ओलसर. तिसरी बहुतेकजण विसरतात. झाकणाच्या डब्याला भोक पाडून आत ओलं शेवाळ भरलं की झालं. कात टाकताना बोटांवर राहिलेली कातडी वाळून आवळते आणि बोटं झडतात, ती याच डब्याने वाचतात. जमिनीसाठी खत न मिसळलेली बागेची माती सत्तर टक्के आणि खेळायची धुतलेली वाळू तीस टक्के, दाबून बसवलेली. पिल्लांना आधी कागदी टॉवेलच. 'कॅल्शियम सँड' नावाची विकतची वाळू आम्ही ठेवत नाही. ती पोटात साठते. जड दगड थेट तळाच्या फळीवर टेकवा, मातीवर ठेवला तर गेको खाली उकरतो आणि दगड त्याच्यावर बसतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, पोट बिघडवणारे साल्मोनेला जंतू टाळण्यासाठी. पाच वर्षांखालच्या मुलांना हात लावू देऊ नका.

एक विनंती. सातपुड्यातून या गेकोच्या भावकीतल्या एका जातीची शास्त्रीय नोंद २०१४ साली झाली, आणि महाराष्ट्र-गुजरातमध्ये आणखी एक आढळते. सुट्टीत गावी गेलात आणि रानात एखादा दिसला तर लांबून फोटो घ्या, उचलू नका. पाळायचा तो इथे पैदास केलेलाच.

सगळं बसवल्यावर पेटी रिकामीच पाच दिवस चालवा. दोन्ही टोकांचं तापमान सकाळ, दुपार, रात्र वहीत टिपा. आकडे जुळत नसतील तर वही आणि दिव्याचा फोटो घेऊन दुकानात या. बहुतेक वेळा दिव्याची उंची दोन बोटं बदलून काम होतं.