चढाईचा गडी वेगळा, पकडीचा गडी वेगळा

मार्व्हल कॉन्टेस्ट ऑफ चॅम्पियन्स या मोबाइलवरच्या लढाईच्या गेममध्ये माझ्याकडे पहिला खराखुरा तगडा गडी आला तो ब्लेड. महिनाभर साठवलेलं सगळं सोनं आणि कॅटलिस्ट, म्हणजे गडी ताकदवान करायचं साहित्य, त्याच्यावर ओतले. यादीत तो सगळ्यात वर दिसायला लागला. त्याच आठवड्यात अलायन्स वॉर, म्हणजे खेळाडूंच्या दोन गटांमधली लढाई, होतं. डिफेन्सला, म्हणजे आपला नकाशा राखायला, प्रत्येकाने पाच जण लावायचे असतात. मी यादीतले पहिले पाच उचलले, नकाशावर ठेवले आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी अटॅकसाठी टीम निवडायला गेलो तर ब्लेड निवडताच येईना. डिफेन्सला लावलेला चॅम्पियन त्या वॉरमध्ये अटॅकला वापरता येत नाही, हे तेव्हा कळलं. उरलेल्यांमधले तीन घेऊन गेलो आणि दुसऱ्याच नोडवर, म्हणजे नकाशावरच्या ठाण्यावर, तिघेही आडवे झाले. तिकडे माझ्या ब्लेडला समोरच्या अलायन्सच्या कुणीतरी एका दमात उडवलं होतं. ग्रुपवर आमच्या ऑफिसरचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका पोराचा, मेसेज आला, "काका, ब्लेड डिफेन्सला? त्याला कोण घाबरतं?"

त्याचं म्हणणं समजायला मला आणखी दोन वॉर लागली. कबड्डी पाहत मोठे झालेल्या माणसाला खरं तर हे लगेच उमगायला हवं होतं. चढाईला जाणारा गडी आणि कोपऱ्यात दबा धरून बसणारा गडी, दोघेही चांगले खेळाडूच. पण नुसत्या चढाईच्या जोरावर संघात आलेल्याला कोपरा सांभाळायला ठेवून कुणी सामना जिंकत नाही. या गेममध्ये घोळ असा होतो की दोन्ही कामांचे गडी एकाच यादीत, सारख्याच चौकटीत आणि सारख्याच आकड्यासकट दिसतात. तो आकडा तब्येत आणि ताकद सांगतो. काम सांगत नाही.

फरकाचं मूळ एका साध्या गोष्टीत आहे. अटॅकला चॅम्पियन तुमच्या बोटांखाली असतो, डिफेन्सला तो मशीनच्या हातात जातो. आणि मशीन योजना आखून खेळत नाही. ते ब्लॉक करतं, धावून येतं, मागे सरकतं, पॉवर भरली की केव्हातरी स्पेशल, म्हणजे खास घाव, सोडतं. हल्ली तर पॉवर भरली तरी सोडत नाही, ढिम्म उभं राहतं आणि आपला घाम काढतं, तो भाग वेगळा. पण अमुक चार्ज आधी साठवू, मग तमुक स्पेशल, असं ते ठरवून करत नाही. म्हणजे ज्याची ताकद ठरवून खेळण्यात आहे, तो मशीनच्या हातात निम्म्याने मेलेला असतो.

क्वेकचं उदाहरण घ्या, कारण ते सगळ्यात ढळढळीत आहे. स्क्रीनच्या उजव्या बाजूला बोट दाबून धरलं की चॅम्पियन हेवी, म्हणजे जड घाव, मारायच्या तयारीत जातो. क्वेक या तयारीत असताना समोरचा घाव आला तर ती आपसूक चुकवते. मग खेळ असा चालतो: दाबून धरा, समोरचा धावून आला, मारला, तिने वाकून चुकवला. सोडा, पुन्हा धरा, पुन्हा चुकवला. प्रत्येक वेळी समोरच्यावर हादऱ्यांचा हिशेब चढत जातो आणि एकही साधा घाव न मारता त्याची तब्येत उतरत राहते. पाहणाऱ्याला वाटतं काहीतरी फसवाफसवी चालली आहे. हे जमायला मला तीन आठवडे लागले. लोकलमध्ये तर अजून जमत नाही, कारण मध्येच नेटवर्क जातं, आणि लढाई अर्धवट तुटली की चॅम्पियनची अर्धी तब्येत गेलेली असते. तर ही क्वेक, जाणत्या हातात एवढी जहाल, डिफेन्सला लावा आणि बघा. मशीन ती लय कधीच धरत नाही. समोरचा येतो, नेहमीच्या लयीत मारतो आणि पुढे जातो.

आता उलट्या बाजूचा गडी बघा. इलेक्ट्रो. तुमच्या हातात तो फार काही चमत्कार करणार नाही. पण तो समोर उभा असला की गंमत कळते. आपला नेहमीचा कॉम्बो म्हणजे एक मीडियम, तीन लाइट, एक मीडियम. पाच घाव, बोटांना पाठ झालेले. इलेक्ट्रोला त्याच लयीत मारायला गेलात की मधल्याच एखाद्या घावाला शॉक उलटा तुम्हाला लागतो. तुमची काही चूक झालेली नसते. पॅरी (ऐन वेळी घाव अडवणं) बरोबर, वेळ बरोबर, कॉम्बो बरोबर, आणि तरी तुमच्याच तब्येतीची पट्टी खाली सरकते. इलेक्ट्रोला यासाठी काहीच करावं लागत नाही. नुसता मार खायचा, एवढंच त्याचं काम, आणि तेवढं मशीनला उत्तम जमतं.

डिफेन्सचा गडी ओळखायची माझी कसोटी हीच झाली आहे: हा काहीही न करता नुसता उभा राहिला तर मला त्रास होतो का? जगरनॉट लढाई सुरू होतानाच अनस्टॉपेबल, म्हणजे घावांनी न थांबणारा, असतो, सवयीने पुढे झेप घेणारा पहिल्याच क्षणी फसतो. आइसमॅन सुरुवातीलाच कोल्डस्नॅप लावतो, अजून बोटही हललेलं नसतं आणि तब्येत गळायला लागते. स्पायडरमॅन मधूनच घाव चुकवतो आणि उलटा मारतो. मॅजिक लिंबोत जाऊन गेलेली तब्येत परत मिळवते. यातल्या कुणालाच डोकं चालवावं लागत नाही. त्यांचा त्रास अंगभूत आहे.

इथे एक गोष्ट नव्या माणसाच्या हमखास नजरेतून सुटते. इलेक्ट्रोचा उलटा शॉक, जगरनॉटचं ते सुरुवातीचं अनस्टॉपेबल असणं, मॅजिकचं लिंबो, या तिन्ही सिग्नेचर अॅबिलिटी आहेत. म्हणजे चॅम्पियन अवेकन झालेला असेल, दुसऱ्यांदा मिळून ड्यूप झाला असेल किंवा त्यावर अवेकनिंग जेम खर्च केला असेल, तरच त्या चालू होतात. ड्यूप न झालेला इलेक्ट्रो डिफेन्सला लावणं म्हणजे दाराला कुलूप लटकवायचं आणि किल्ली त्यातच ठेवून जायचं. आकडा मोठा दिसतो म्हणून लावलेले असे कितीतरी बिनदाताचे इलेक्ट्रो मी समोरच्या नकाशांवर पाहिले आहेत, आणि मनातल्या मनात लावणाऱ्याचे आभार मानले आहेत. अटॅकच्या बाजूला ड्यूपचं महत्त्व नसतं असं नाही, पण तिथे कमी पडलेलं हाताने भरून काढता येतं. मशीनला भरून काढता येत नाही.

मग अटॅकचा गडी कसा ओळखायचा? पहिलं उत्तर सगळे देतात: जो पटकन मारतो. बरोबर आहे, पण अपुरं आहे. वॉरमध्ये एका बॅटलग्रुपला दहा जण, प्रत्येकाचे तीन अटॅकर, आणि तेच तीन घेऊन एकामागून एक नोड पार करायचे. एका लढाईत गेलेली तब्येत पुढच्या लढाईत आपोआप भरून येत नाही. म्हणून टिकाऊपणाला फार किंमत आहे. ब्लेडचं नाव झालं ते यामुळेच: समोरच्याला रक्तबंबाळ करतो आणि स्वतः भरून येतो. घोस्ट रायडर आणि स्पायडरमॅनचा स्टार्क एन्हान्स्ड अवतार, हे दोघे त्याच्यासोबत असले की सिनर्जीने तो आणखी धारदार होतो. एके काळी हे त्रिकूट ज्याच्या त्याच्या टीममध्ये दिसायचं. लोक त्याला ट्रिनिटीच म्हणायचे.

पण हाच ब्लेड व्हिजनसमोर नेऊन उभा करा. व्हिजन यंत्रमानव, त्याला रक्तस्राव होतच नाही. ब्लेडचं निम्मं शस्त्र म्यान. अल्ट्रॉनसमोरही तीच गत. म्हणजे अटॅकर चांगला की वाईट हे एकट्यात ठरत नाही, समोर कोण आहे त्यावर ठरतं. डिफेन्डरचं तसं नाही. त्याच्यासमोर कोण येणार हे तुम्हाला माहीतच नसतं, म्हणून जास्तीत जास्त लोकांना जास्तीत जास्त अडवणारा तो चांगला.

यातूनच टीम निवडण्याच्या दोन वेगळ्या रीती निघतात. डिफेन्सचे पाच निवडताना मी एकेकाचा सुटा विचार करतो. अटॅकचे तीन निवडताना मात्र तिघांचा मिळून विचार करावा लागतो. क्लासचं चक्र सगळ्यांना पाठ असतं: कॉस्मिक टेकवर भारी, टेक म्युटंटवर, म्युटंट स्किलवर, स्किल सायन्सवर, सायन्स मिस्टिकवर आणि मिस्टिक पुन्हा कॉस्मिकवर. पण तिघे तीन क्लासचे घेतले म्हणजे काम झालं, असं समजणारे फसतात. मला तिघांत तीन कामं हवी असतात. एक जण दणादण मारणारा. एक जण अडचण सोडवणारा, म्हणजे समोरचा घाव चुकवत असेल तर त्याला स्लो लावणारा, बफ, म्हणजे स्वतःच्या फायद्याचे परिणाम, लावत असेल तर ते काढणारा, पॉवर भरत असेल तर ती रोखणारा. आणि एक जण त्या रस्त्यावरच्या सगळ्यात वाईट नोडला पुरून उरणारा. शी-हल्क माझ्याकडे किती वर्षं धूळ खात पडली होती! मग एका वॉरमध्ये वाटेवर सलग दोन चुकवणारे आले. तिचा हेवी लागला की स्लो, आणि स्लो लागलेल्याला चुकवता येत नाही. त्या दिवशी तिने दोन नोड एकटीने काढले. यादीत ती बरीच खाली होती, अजूनही आहे.

नोडचा विषय इथे थोडक्यात उरकतो, कारण तो स्वतंत्र लेखाचा आहे. नकाशावरच्या प्रत्येक जागेला स्वतःची अट असते. एखाद्या नोडवर डिफेन्डरला स्टन लागतच नाही, म्हणजे तो क्षणभरही बधिर होत नाही. तिथे पॅरी करून थांबवायची तुमची सवय निकामी होते, आणि पॅरीशिवाय ज्याला गाठणं अवघड असा गडी तिथे बसला असेल तर रस्ता बंद. साधा डिफेन्डर चांगल्या नोडवर बसला तर चांगला होतो. उलटही खरं आहे, उत्तम डिफेन्डर चुकीच्या नोडवर वाया जातो. नोड कुणी कुणाला द्यायचा हे आमच्याकडे ऑफिसरच ठरवतो आणि त्यावरून भांडणंही होतात.

काही जण दोन्हीकडे चालतात, हे कबूल करायला हवं. निक फ्युरी घ्या. तुम्ही मारता तो त्याचा डमी असतो. तो पडला की खरा फ्युरी उठतो. तुमच्या हातात असताना हा पुनर्जन्म हत्यार होतो, कारण त्यानंतर तो जास्त जोराने मारतो. समोर असताना तोच पुनर्जन्म डोकेदुखी होतो, एकाच माणसाला दोनदा मारायचं. असा गडी असला की मोह होतो की तो कुठेही लावावा. मी त्याला अटॅकलाच ठेवतो. माझा हिशेब असा की डिफेन्सला त्याच्याऐवजी आणखी कुणीतरी मिळेल, अटॅकला तसा टिकाऊ माणूस मिळणार नाही. आमच्या ऑफिसरला हे मान्य नाही. त्याच्या मते समोरच्याला दोनदा मरायची संधी द्यावी, कारण प्रत्येक मरणाला त्यांचा अटॅक बोनस, म्हणजे वॉरमधले गुण, कमी होतो. दोघांचंही गणित आपापल्या जागी चुकीचं नाही. त्याच्याकडे अटॅकर रग्गड आहेत, माझ्याकडे नाहीत. म्हणून दुसऱ्याची टीम पाहून आपली टीम लावू नये, कारण त्याच्या पेटीत काय उरलं आहे ते आपल्याला दिसत नसतं.

२०२२ मध्ये बॅटलग्राउंड्स हा एकास एक सामन्यांचा प्रकार आला आणि हा गोंधळ आणखी वाढला. तिथे तीस जणांचा डेक घेऊन उतरायचं, समोरचा त्यातल्या काहींवर बंदी घालणार, मग त्यातून आपल्या वाट्याला येतील त्यांच्यातूनच डिफेन्डरही काढायचे आणि अटॅकरही. एकदा डिफेन्सला वापरला तो त्या सामन्यात अटॅकला नाही. वॉरसारखीच अट, फक्त विचार करायला काही सेकंद. इथे मला नव्याने जाणवलं की माझा डेक अटॅकरनी तुडुंब भरला होता, कारण रँक अप करताना मी नेहमी स्वतःच्या हातात काय चांगलं चालतं एवढंच पाहिलं होतं. सामन्यामागून सामन्यात असं व्हायचं की डिफेन्सला लावायला माझ्याकडे एक भुक्कड गडी आणि दोन उत्तम अटॅकर. अटॅकर वाया घालवायचा नाही म्हणून भुक्कड लावायचो आणि हरायचो. मग तीसपैकी दहा जागा फक्त उभं राहून त्रास देणाऱ्यांसाठी ठेवल्या. ते दहा जण मला खेळायला बिलकूल आवडत नाहीत. आवडायची गरजही नाही, कारण त्यांच्याशी खेळणार समोरचा आहे.

गेल्या वॉरला प्लेसमेंटच्या वेळी पुन्हा यादी उघडली. सगळ्यात वर अजून ब्लेडच. त्याला हात लावला नाही. खाली सरकत सरकत ड्यूप झालेला इलेक्ट्रो, आइसमॅन, मॅजिक, जगरनॉट असे चार उचलले. पाचव्या जागेसाठी बराच वेळ स्पायडरमॅन आणि आणखी एकाच्या मध्ये घुटमळलो. शेवटी स्पायडरमॅन लावला. सकाळी पाहिलं तर समोरच्याचे दोन चॅम्पियन त्याच्याच नोडवर पडलेले, आणि ग्रुपवर ऑफिसरचा नुसता अंगठा.